एनएफएसडीमधला व्हर्जन २ चा कोड काढायचाय, हात कुठून घालू?

कोरा_कागद

नमस्कार मंडळी. आमच्याकडे ५.४ या लाँगटर्म कर्नलवर बेतलेला एक ट्री आहे, त्यावर आमच्या पॅचेसची चळत. त्यातला एनएफएस सर्व्हर (नेटवर्कवरून फाइली पुरवणारा एनएफएसडी) हलका करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय आणि पहिला बळी म्हणून व्हर्जन २ समोर दिसतेय. तिचा आरएफसी (प्रोटोकॉलचं वर्णन करणारा दस्तऐवज) १०९४ हा १९८९ चा. फाइलमधला ऑफसेट ३२ बिटांचा, एका राइटमध्ये जास्तीत जास्त ८ केबी, फाइल हँडल ठोक ३२ बाइट. व्हर्जन ३ चा आरएफसी १९९५ चा, ४ चा पहिला २००० चा. म्हणजे दोन पिढ्या उलटून गेल्या तरी आजोबा पडवीत बसूनच आहेत.

पहिला प्रयोग म्हणून एनएफएसप्रोक.सी, एनएफएसएक्सडीआर.सी आणि एनएफएस२एसीएल.सी या तीन फाइली मेकफाइलमधून काढल्या आणि बिल्ड लावला. लिंकरने (बिल्डचे तुकडे जोडणाऱ्याने) शिव्यांची लाखोली वाहिली. व्हर्जन ४ चा कोड का ओरडतोय ते कळेना, त्याचा या फाइलींशी काय संबंध?

तर विचारायचंय असं, की हे एका घावात करावं की तुकड्यातुकड्यांनी? आणि कोणाचं काही मोडणार नाही हे आधी कसं तपासायचं?

झिपऱ्या

उडव रे बिनधास्त. ज्याला १९८९ चा प्रोटोकॉल हवाय त्याने त्या काळचा कर्नल चालवावा. गिटमध्ये सगळं राहतंच, रडायचं कशाला?

पोर्ट_२०४९

झिपऱ्या, राहतं खरं, पण मोडलेला सर्व्हर रात्री दोनला गिट उघडून बसत नाही. :)

कोरा_कागद, तुमचा लिंकर का ओरडतोय ते सांगतो. एनएफएसप्रोक.सी ही नावाला व्हर्जन २ ची फाइल. तिच्या शेवटी एनएफएसएररनो नावाचं फंक्शन आहे: कर्नलचा ईनोएंट, ईअ‍ॅक्सेस वगैरे एरर घ्यायचा आणि तारेवर पाठवायचा एनएफएसचा एरर द्यायचा. एक तक्ता आणि एक लूप, बाकी काही नाही. पण ते तिन्ही व्हर्जन वापरतात. फाइल लिहिली तेव्हा या सर्व्हरमध्ये दुसरी व्हर्जनच नव्हती, म्हणून तिच्या नावात आकडा नाही आणि सामायिक सामानही तिच्यातच पडलं. क्लायंटच्या बाजूलाही तेच: एनएफएस३प्रोक.सी आणि एनएफएस४प्रोक.सी या फाइलींच्या शेजारी नुसती प्रोक.सी दिसली की ती व्हर्जन २ ची समजायची.

मेनलाइनमध्ये, म्हणजे मूळ लिनक्स कर्नलमध्ये, हे काम २०२२ च्या शेवटी झालं आणि ६.२ मध्ये आलं. त्याचा क्रम बघण्यासारखा आहे. आधी एक छोटा पॅच: एनएफएसएररनो उचलून व्हीएफएस.सी मध्ये. वर्तनात शून्य फरक. त्यानंतरच्या पॅचमध्ये केकॉन्फिगला (काय बिल्ड करायचं ते ठरवणाऱ्या यादीला) नवीन पर्याय, व्हर्जन २ बिल्डमधून वगळता येईल असा, आणि डिफॉल्ट बंद. त्याच्याही आधी, २०२१ च्या सुमारास, युजरस्पेसमधल्या (कर्नलबाहेरच्या) आरपीसी.एनएफएसडीने, म्हणजे सर्व्हर सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमने, व्हर्जन २ सोडून दिली होती. म्हणजे आधी युजरस्पेस, मग वेगळं करणं, मग बटण, मग बटण बंद. डिलीट हा त्यानंतरचा विषय.

गंमत बघा, तुमच्या ५.४ मध्ये केकॉन्फिगला व्हर्जन ३ बंद करायचं बटण आहे, ४ बंद करायचं आहे, २ बंद करायचं मात्र नाही. ३ जेव्हा नवखी होती तेव्हाची ती रचना. पाया म्हणून २ धरलेली, बाकीच्या वरच्या माड्या.

कोरा_कागद

आत्ता उजेड पडला. एनएफएसएररनो हलवला, लिंकर बराच शांत झाला. उरलेलं बहुतेक एनएफएसएसव्हीसी.सी मधल्या व्हर्जनच्या तक्त्यातलं दिसतंय.

पोर्ट_२०४९

हो, तो तक्ता. तिथल्या दोन नंबरच्या जागी काहीच नसलं तरी चालतं, मात्र त्या तक्त्यावरून फिरणारा प्रत्येक लूप रिकामी जागा ओलांडतो का ते डोळ्यांनी तपासा. इथे शून्य पॉइंटर सापडला तर थेट ऊप्स, म्हणजे कर्नलचा क्रॅश.

मैनावती

मी कोड लिहिणाऱ्यांतली नाही, सर्व्हर सांभाळणाऱ्यांतली. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलते.

सर्व्हरवर /प्रोक/नेट/आरपीसी/एनएफएसडी ही फाइल वाचा. तिच्यात प्रोक२, प्रोक३, प्रोक४ अशा नावांच्या ओळी असतात. प्रोक२ नंतर १८ आकडा येतो, कारण व्हर्जन २ मध्ये १८ प्रोसिजर आहेत, आणि पुढे प्रत्येक प्रोसिजर किती वेळा बोलावली गेली ते मोजमाप. सगळे शून्य असतील तर तो सर्व्हर बूट झाल्यापासून व्हर्जन २ ने कोणी हाक मारलेली नाही. एकही आकडा हलला असेल तर कोण मारतंय ते टीसीपीडंपने (पॅकेट टिपणाऱ्या साधनाने) पकडायचं.

पण एका दिवसाच्या शून्यावर विसंबू नका. हे आकडे रीबूटला पुसले जातात, आणि जुनी यंत्रं रोज बोलत नाहीत. एखादा मोजमापाचा डबा तिमाहीला एकदा जागा होतो, फाइल टाकतो, झोपतो. म्हणून आकडे दर तासाला कुठेतरी साठवून ठेवायचे आणि बऱ्यापैकी मोठा काळ बघायचे.

दुसरं असं की ती ओळ स्वतःच कोणाचा तरी इंटरफेस आहे. एनएफएसस्टॅट (हे आकडे दाखवणारा प्रोग्रॅम) लेबल बघून वाचतो, त्याला अडचण नाही. पण देखरेखीच्या स्क्रिप्टा 'अमुकाव्या ओळीतला तमुकावा आकडा' अशा लिहिलेल्या मी पाहिल्यात. प्रोक२ गायब झाली की त्यांच्या सगळ्या ओळी एकेक वर सरकतात आणि आलेखात व्हर्जन ३ चा ट्रॅफिक भलत्याच नावाने दिसायला लागतो. सर्व्हर मात्र ठणठणीत.

झिपऱ्या

ओळ मोजून वाचणाऱ्या स्क्रिप्टसाठी कर्नलने जुनं भंगार सांभाळायचं? ज्याने लिहिली त्याचं त्याने निस्तरावं.

मैनावती

सांभाळा असं कुठे म्हणाले? आधी सांगा म्हणाले. बदलाच्या नोंदीत एक ओळ लिहिली तर आमची एक रात्र वाचते.

अर्धविराम

मैनावतीताईंशी बाडिस.

आता मूळ कामाबद्दल. तीन फाइली गेल्या म्हणजे व्हर्जन २ गेली असं समजू नका. खरा गुंता सामायिक कोडमध्ये विखुरलेला असतो. 'आरक्यू_व्हर्स' (विनंतीची व्हर्जन) या शब्दाचा ग्रेप मारा आणि जिथे जिथे त्याची तुलना २ शी होते ती जागा टिपा. व्हीएफएस.सी मधल्या दोन जागा तर नमुनेदार आहेत.

पहिली डिरेक्टरी वाचण्याची. रीडडिरमध्ये क्लायंट 'इथपर्यंत वाचलं, पुढचं दे' म्हणून एक कुकी परत पाठवतो. व्हर्जन २ ची कुकी ३२ बिटांची, ३ पासून ६४. एक्स्ट४ या फाइलसिस्टिममध्ये मोठ्या डिरेक्टरीतली जागा ही फाइलनावाच्या हॅशवरून ठरते आणि तो हॅशच कुकी म्हणून बाहेर जातो. ३२ बिटांत कोंबलं तर काही लाख फाइलींच्या डिरेक्टरीत दोन नावांना एकच कुकी मिळणं जवळपास ठरलेलं. नशीब फिरलं तर क्लायंट त्याच नावांभोवती गोल गोल फिरत राहतो, एलएस संपतच नाही. यावर २०१२ मध्ये तोडगा आला: व्हर्जन २ पेक्षा वरची असेल तर फाइल उघडताना '६४ बिटांची कुकी चालेल' असा झेंडा लावायचा. तो 'पेक्षा वरची असेल तर' हा भाग तुम्हाला आता काढता येईल, झेंडा कायमचा लावून.

पण थांबा. झेंडाच काढून टाकावा असा मोह होईल, कारण तो आता नेहमीच लागलेला असणार. तसं करू नका. तो झेंडा एनएफएसडीच्या आत संपत नाही, त्यावरून पुढे एक्स्ट४ ठरवतं की ३२ बिटांचा हॅश द्यायचा की ६४. ३२ बिटांच्या साध्या प्रोग्रॅमसाठी एक्स्ट४ ला तो फरक करावाच लागतो. सामायिक कोडमधली अट काढताना ती कुठवर पोचते ते शेवटपर्यंत बघितल्याशिवाय हात लावायचा नाही.

दुसरी जागा राइटची. ती पोर्ट_२०४९ यांनी सांगावी, त्यांचा आवडता विषय आहे.

पोर्ट_२०४९

आवडता कसला, डोकेदुखीचा. पण सांगतो, कारण जुना कोड असा का दिसतो ते या एका फंक्शनमध्ये पुरतं दिसतं.

व्हर्जन २ मध्ये सर्व्हरने राइटला 'झालं' म्हणायचं ते डेटा डिस्कवर पक्का बसल्यावरच. 'आत्ता लिही, नंतर एकदाच कमिट कर' ही सोय व्हर्जन ३ ने आणली. म्हणजे २ मध्ये एक एमबीची फाइल लिहायची तर ८ केबीचे १२८ राइट, आणि प्रत्येकामागे डिस्कची वाट. त्या काळच्या डिस्कवर हे असह्य होतं. म्हणून युक्ती निघाली, राइट गॅदरिंग. त्याच फाइलला लागून आणखी राइट येतील असं वाटलं तर थोडं थांबायचं, सगळे गोळा होऊ द्यायचे, मग एकदाच डिस्कवर ढकलायचं.

आता 'असं वाटलं तर' हे कोडमध्ये कसं लिहिलंय ते बघा. वेट_फॉर_कॉन्करंट_राइट्स हे फंक्शन उघडा. आत दोन स्टॅटिक व्हेरिएबल: लास्ट_आयनो आणि लास्ट_डेव्ह. मागचा राइट कोणत्या फाइलला झाला ते त्यात. आत्ताचा राइट त्याच फाइलला असेल, किंवा फाइल एकापेक्षा जास्त जणांनी लिहायला उघडलेली असेल, तर एमस्लीप १०. सरळ दहा मिलिसेकंद झोप. उठल्यावर आयनोड (कर्नलमधली त्या फाइलची नोंद) अजून डर्टी असेल, म्हणजे डिस्कवर गेला नसेल, तर एफसिंक (डिस्कवर ढकलणं), नाहीतर दुसऱ्या कोणीतरी आपलं काम उरकलं असं समजून परत.

ती दोन व्हेरिएबल अख्ख्या सर्व्हरसाठी एकच, सगळे एनएफएसडी थ्रेड त्यांच्यात लिहितात आणि कुलूप कसलंच नाही. आजच्या नजरेने बघणारा म्हणेल, बग! स्पिनलॉक टाका! पण तो नुसता अंदाज आहे. चुकला तर फार तर दहा मिलिसेकंद वाया किंवा एक एफसिंक जास्त, डेटा बिघडत नाही. असल्या ठिकाणी 'सुधारणा' करायला जाऊ नये. आणि हे सगळं चालतं कधी, तर व्हर्जन २ असेल आणि एक्स्पोर्टला (वाटायला दिलेल्या डिरेक्टरीला) डब्ल्यूडिले हा थांबण्याचा पर्याय असेल तेव्हाच. व्हर्जन २ गेली की अख्खं फंक्शन मृत. निर्धास्त काढा.

मात्र /ईटीसी/एक्स्पोर्ट्स मधला नो_डब्ल्यूडिले हा शब्द जगभर लिहून ठेवलेला आहे. मॅन पेजमध्ये वाचून लोकांनी तो घातला, व्हर्जन ३-४ साठी त्याने काही होत नाही तरी. आतलं फंक्शन मेलं म्हणून तो शब्द नाकारायला लागलात तर एक्स्पोर्टच होणार नाहीत. तो पर्याय स्वीकारायचा आणि गप्प बसायचं. त्याचा एक्स्पोर्ट झेंड्यातला बिटही दुसऱ्या कामाला लावायचा नाही, नाहीतर उद्या एखाद्या जुन्या युजरस्पेसने पाठवलेल्या डब्ल्यूडिलेचा अर्थ भलताच व्हायचा.

पाहुणी_३२

सुंदर माहिती, वाखूसा. एक भाबडा प्रश्न: हे असं 'आतलं काढा पण दार ठेवा' किती वर्षं चालवायचं?

पोर्ट_२०४९

दारावर अवलंबून. एनएफएससर्व्हसीटीएल नावाचा अख्खा सिस्टिम कॉल होता, सर्व्हर सुरू करायला, एक्स्पोर्ट सांगायला. त्याची जागा एनएफएसडी फाइलसिस्टिममधल्या फाइलींनी घेतली आणि २०११ मध्ये, ३.१ ला, तो काढला. पण त्याचा नंबर आजही मोकळा सोडलेला आहे. ३२ बिटांच्या एक्स८६ वर १६९. जुन्या प्रोग्रॅमने तो बोलावला तर 'असा कॉल नाही' हे स्वच्छ उत्तर मिळतं, भलतंच काही घडत नाही. नंबर ठेवायला खर्च शून्य, म्हणून तो कायमचा ठेवला.

झिपऱ्या

बरं बाबांनो, हळूहळू काढा. पण एवढं घासून पुसून बसण्यापेक्षा सगळं नव्याने लिहावं ना? फ्रीबीएसडीने तेच केलं की.

अर्धविराम

केलं, पण 'सगळं उडवून' नाही केलं. नवा एनएफएस कोड जुन्याच्या शेजारी ठेवला, ९.० मध्ये (२०१२) डिफॉल्ट नवा केला, जुना ओल्डएनएफएस म्हणून तसाच राहू दिला, आणि तो गेला ११ मध्ये, २०१६ ला. चार वर्षं दोन्ही संसार चालवले. तेवढी माणसं आणि तेवढा धीर असेल तर तो रस्ता चांगला आहे. कोरा_कागद बहुतेक एकटे आहेत.

लिनक्समध्येही सगळे मार्ग वापरून झालेत म्हणा. एनसीपीएफएस, म्हणजे नॉव्हेल नेटवेअरचं, आधी स्टेजिंगमध्ये (कच्च्या किंवा टाकाऊ कोडच्या विभागात) हलवलं, कोणी वाली येतो का बघितलं, आणि २०१८ मध्ये काढलं, त्याबरोबर त्याचा प्रोटोकॉल आयपीएक्सही. विंडोजच्या एसएमबी१ या फाइल-शेअरिंगच्या बाबतीत २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर मालवेअरचा हाहाकार झाला, त्याच वर्षी ४.१३ मध्ये माउंटचा डिफॉल्ट बदलला. कोड तिथेच राहिला, मागितल्याशिवाय मिळेनासा झाला. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक डिफॉल्ट बदलण्याने पडतो.

कोरा_कागद

एकटाच आहे, आणि धीर मर्यादित. :)

एक्सडीआरचं, म्हणजे तारेवरच्या डेटाच्या रूपाचं, काय करू? व्हर्जन ३ चे डीकोडर बघितले तर नुसती पॉइंटरची कसरत. पी घ्यायचा, चार बाइट वाचायचे, पी पुढे सरकवायचा. बफर संपला का हे बघायचं काम प्रत्येक फंक्शनच्या मर्जीवर. व्हर्जन २ काढतोच आहे तर हेही लगे हाथ सुधारून टाकू?

अर्धविराम

लगे हाथ अजिबात नको. पण करा नक्की, आणि व्हर्जन २ गेल्यावर करा. फेकायच्या भांड्याला कल्हई कशाला?

करा म्हणतो कारण नेमक्या याच कोडने २०१७ मध्ये दणका दिला होता. सीव्हीई-२०१७-७६४५ आणि सीव्हीई-२०१७-७८९५ (सुरक्षेतल्या छिद्रांचे नोंदणी क्रमांक), दोन्ही व्हर्जन २-३ च्या सर्व्हरमधले. एकात लांबलचक विनंतीने सर्व्हर आडवा, दुसऱ्यात बफरच्या शेवटाची तपासणीच नाही. ते छिद्र तुमच्या ५.४ मध्ये बुजलेलं आहे, पण घडण तीच आहे. मेनलाइनमध्ये २०२१ ला हे सगळे डीकोडर-एन्कोडर एक्सडीआर_स्ट्रीमवर नेले. त्यात हद्द बघण्याचं काम एकाच ठिकाणी होतं, बाइट कमी पडले तर नल येतो आणि फंक्शन नकार देऊन मोकळं होतं.

करताना एका पॅचमध्ये एकच आर्ग्युमेंट प्रकार. गेटअ‍ॅट्रचा एक, लुकअपचा एक, असे. रिव्ह्यू करणाऱ्याला दोन्ही रूपं एका पडद्यावर दिसली पाहिजेत. आणि स्पार्स (कोड तपासणारं साधन) लावाच, मेक सी=२ करून. तारेवरचे आकडे बिग-एंडियन म्हणून खुणा केलेले असतात. बदल करताना एखादा बाइट उलटायचा राहिला तर कंपायलर चूप बसतो, स्पार्स बोंबलतो.

झिपऱ्या

रच्याकने, यूडीपी पण मारा या निमित्ताने.

पोर्ट_२०४९

इथे मात्र झिपऱ्याशी सहमत, वेगळ्या मालिकेत. आयपीचा ओळख क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पॅकेटांनंतर पुन्हा पहिल्यापासून. गिगाबिटच्या तारेवर ८ केबीचे डेटाग्राम भरधाव सोडले तर चार-साडेचार सेकंदांत आकडा फिरून येतो, आणि हरवलेल्या तुकड्याची वाट आयपी डिफॉल्टला ३० सेकंद बघतं. जुन्याचा तुकडा नव्याला चिकटतो, यूडीपीचा १६ बिटांचा चेकसम एखाद्या वेळी फसतो, आणि फाइल गुपचूप बिघडते. ना एरर, ना लॉग. एनएफएसच्या मॅन पेजमध्येच हा इशारा आहे. व्हर्जन २ चा कोड नुसता जुना आहे म्हणून सोडवतो एकवेळ, हे प्रकरण धोक्याचं आहे.

मैनावती

यूडीपी आणि व्हर्जन २ दोन्ही एकदम बंद करणाऱ्यांसाठी: नेटवर्कवरून रूट फाइलसिस्टिम घेणारे बोर्ड आधी शोधा. क्लायंट कर्नलच्या एनएफएसरूटमध्ये, व्हर्जन सांगितली नसेल तर बराच काळ २ च गृहीत धरली जायची. बूटलोडरमधल्या ओळीत एनएफएसरूट= नंतर सर्व्हर आणि पाथ एवढंच लिहून दिलेलं असतं, आणि ते लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो. तो बोर्ड बूट होताना थांबतो, आणि स्क्रीन नसल्याने कोणाला कळतही नाही. ओळीत व्हर्स=३ घातलं की झालं, पण बूटलोडरला हात लावायला बोर्डापाशी जावं लागतं.

कोरा_कागद

बाप रे. आमच्या टेस्ट लॅबमध्ये नेमके असे बोर्ड आहेत. आत्ताच एका सर्व्हरवर प्रोक२ बघितली, शून्य नाही! गेटअ‍ॅट्र, लुकअप आणि रीडचे आकडे चढतायत, राइट मात्र अगदी थोडे.

मैनावती

रीड भरपूर, राइट नगण्य म्हणजे बहुतेक रूट फाइलसिस्टिमच. टीसीपीडंप लावा, आयपी मिळतील.

पोर्ट_२०४९

आणि हे सापडलं ते फार बरं झालं. आता काढायच्या आधी बटण ठेवायला सबळ कारण मिळालं.

इतिहासाबद्दल एक सांगायचं राहिलं. गिट ब्लेम मारलात तर बऱ्याच ओळी २.६.१२-आरसी२ च्या त्या एका अगडबंब कमिटवर जाऊन थडकतील, एप्रिल २००५. लिनक्सचा गिट इतिहास तिथूनच सुरू होतो. त्याआधीचं हवं तर जुना इतिहास वेगळ्या रेपॉझिटरीत जोडून ठेवलेला मिळतो, तो ग्राफ्ट करून घ्या. 'हे असं का' याचं उत्तर बऱ्याचदा तिथल्या दोन ओळींच्या कमिट संदेशात असतं. ओळ कुठून आली त्यापेक्षा शब्द कधी आला ते शोधायचं असेल तर गिट लॉग -एस.

कोरा_कागद

मंडळी, तुमच्या सांगण्यावरून असं ठरवतोय. आधी एनएफएसएररनो हलवणारा पॅच, मग केकॉन्फिगचं बटण पण डिफॉल्ट चालू, तेवढंच या रिलीजला. बोर्डांच्या ओळी बदलल्या आणि प्रोक२ स्थिर झाली की डिफॉल्ट बंद. त्यानंतरच्या रिलीजला तीन फाइली, राइट गॅदरिंग आणि कुकीची अट. एक्सडीआर सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरीला पायएनएफएस आणि कनेक्टॅथॉनचे टेस्ट.

अर्धविराम

पायएनएफएस व्हर्जन ४ चं आहे, तुमच्या कामात ते फक्त 'दुसरं काही मोडलं नाही ना' एवढं सांगेल. व्हर्जन ३ साठी कनेक्टॅथॉन आणि एक्सएफएसटेस्ट्स, दोन्ही व्हर्स=३ ने माउंट करून. आणि बटणाच्या दोन्ही स्थितींत बिल्ड लावा, व्हर्जन २ चं एसीएल (परवानग्यांची यादी) चालू-बंद अशा चारही जोड्या. एनएफएस२एसीएल.सी चं केकॉन्फिग वेगळं आहे, २ बंद आणि तिचं एसीएल चालू ही जोडी शक्यच होऊ नये अशी डिपेंडन्सी घाला.

कोरा_कागद

ती जोडी आत्ता लावून बघितली. फुटली. डिपेंडन्सी घालतो.